दोराचं टोक

शाळेतून आलेली चिठ्ठी मी तीनदा वाचली.
चौथ्या सूचनेपर्यंत पोचले
आणि बटाटे सोलायला घेतले.
एलिसेओ समोर बसला होता, टोपी न काढता.
खाडीला ओहोटी. होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या.

म्हटलं, "ओरियानाचं कळलं."
तो म्हणाला, "मी काही केलं नाही."
किती पटकन म्हणाला!
उत्तर आधीपासूनच खिशात होतं त्याच्या,
फोनशेजारी.

"तुझ्याकडे आलाय तो फोटो?"
तो सालींकडे बघत राहिला.
"दाखवू नकोस. मला बघायचा नाही.
कुणीच बघायला नको होता.
ज्यानं मागे लागून लागून मागवला, त्यानंही."

"सगळ्यांकडेच आलाय, आई.
मी नुसता पुढे ढकलला.
निबाल्दोला. एकालाच."

नुसता.
एकालाच.

मला भाषण येत नाही.
बारा वर्षं शिंपल्यांच्या कारखान्यात उभी आहे,
तिथे हात चालतात, तोंड नाही.
चिठ्ठीत होतं: शांत राहा, कायदा समजावून सांगा,
मुलाला अपराधी वाटेल असं बोलू नका.
मी शांत नव्हते.
आणि थोडं अपराधी वाटायला हवंच होतं त्याला.

म्हटलं, "बाउतिस्ताकाकाचं घर आठवतं?"

टेकडीवरून खाली आणलं होतं ते, अख्खं,
भिंती-छपरासकट,
खाली ओंडके सारून,
पुढे बैलांच्या सहा जोड्या आणि दोराला सगळा गाव.
आतल्या आरशाला गोधडी गुंडाळलेली.
तू सात वर्षांचा.
हट्टानं दोराचं शेवटचं टोक धरलंस,
खरं तर दोरच तुला ओढत होता.
रात्री सूप पिताना मात्र
ज्याला त्याला सांगत होतास:
घर मी ओढलं! घर मी ओढलं!
कुणी हसलं नाही तुला.
खरंच होतं ते.

मी सुरी खाली ठेवली.
त्यानं टोपी काढली.

"आणि काकानं स्वतः बोलावलं होतं आपल्याला," मी म्हटलं,
"हात जोडून, जेवण घालून.
ओरियानाला कुणी विचारलं होतं,
तुला गावभर ओढत नेऊ का?"

तो बराच वेळ गप्प.
मग मीच, न ठरवता, बोलून गेले:
सोळाव्या वर्षी मीही लिहिलं होतं एकाला.
कास्त्रोच्या धक्क्यावर, बोटीची वाट बघत.
काय लिहिलं ते आठवलं की
अजून कान तापतात माझे.
त्या पोरानं कागद परत आणून दिला.
मी याच चुलीत घातला.
एक कागद, एक चूल, संपलं.
तिच्यासाठी कुठून आणू रे चूल?

"मी पुसला तरी काय होणार?"
आवाज फुटायच्या वयातला आवाज, मध्येच फाटला.
"फोटो थांबणार थोडाच."

"नाही थांबणार.
तरी तू दोर सोड.
निबाल्दोला सांग, सोड म्हणून.
उद्या मी सुट्टी टाकते, दोघं बाईंकडे जाऊ."

"आणि तिला?"

हे चिठ्ठीत नव्हतं.
"माहीत नाही," मी म्हटलं.
"बसमध्ये सगळे तिच्याकडे बघतील
तेव्हा तू खिडकीबाहेर बघ.
तिच्या शेजारची जागा रिकामी असेल,
तर आधी विचार, बसू का म्हणून.
नको म्हणाली तर उभा राहा."

अंगठ्यानं तो काहीतरी लिहीत राहिला,
खोडत, पुन्हा लिहीत.
मी डोकावले नाही.
निबाल्दोकडून एक हसरा चेहरा आला,
तेवढा त्यानंच दाखवला मला.
मग काहीच आलं नाही.

सोललेले बटाटे काळे पडायला लागले होते.
मी ते पाण्यात टाकले.
त्यानं फळीवरची दुसरी सुरी घेतली.
फार जाड साल काढतो तो,
निम्मा बटाटा वाया जातो.
मी काही बोलले नाही.